बाळाच्या धिरड्यांचं पीठ विकायला काढू का?

पत्राचा सारांश: मुलुंडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. बाळ नऊ महिन्यांचं. बाळंतपणाची रजा संपून त्या पुन्हा ऑफिसला जाऊ लागल्या, तेव्हापासून बाळ दिवसभर सासूबाईंकडे असतं. सकाळच्या लोकलआधी हाताशी काहीतरी तयार असावं म्हणून त्या एक कोरडं पीठ करून ठेवू लागल्या: मोड आणून वाळवलेली नाचणी, मुगाची डाळ, तांदूळ, थोडे ओट्स, बदाम आणि खारकेची पूड. ऐनवेळी पाणी आणि कुस्करलेलं केळं घालायचं आणि बाळाच्या मुठीत मावतील एवढी धिरडी घालायची. मीठ, साखर, सोडा, रंग, प्रिझर्व्हेटिव्ह यातलं काहीही नाही. मैत्रिणींनी त्याचं ‘बेबी पॅनकेक मिक्स’ असं बारसंही करून टाकलं. सोसायटीतल्या आणि ऑफिसमधल्या आयांना त्या मागतील तशा पाव किलोच्या पिशव्या देतात. आता इन्स्टाग्रामवर पान काढावं, लेबलवर बाळाचा फोटो छापावा आणि जम बसला तर नोकरी सोडून यातच उतरावं, असं त्यांच्या मनात आहे. नवरा म्हणतो, आधी लायसन्स काढ. जाऊबाई म्हणतात, दुसऱ्याच्या पोराची जबाबदारी अंगावर घेऊ नको. सासूबाई म्हणतात, ‘आमची मुलं खिमटावर वाढली, पिठाचं एवढं कौतुक कशाला?’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात: ‘मी तर शुद्ध वस्तू देतेय. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?’

नमस्कार,

तुमच्या पिठाचं मला मनापासून कौतुक वाटलं. कायद्याने मिळणारी पगारी रजा २६ आठवड्यांची. त्यातले काही आठवडे बऱ्याचदा बाळंतपणाआधीच संपतात. बाळाला वरचं खाणं सुरू करायचं ते सहा महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे ज्या दिवसांत पातेलं, चमचा आणि धीर या तिन्हींची गरज असते, नेमकं तेव्हाच आईला सकाळची गाडी पकडावी लागते. अशा वेळी तुम्ही घरातल्या धान्यातून वाट काढलीत, तीही नाचणीला मोड आणून. हे काम सोपं नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ओली नाचणी वाळवायला जागा शोधण्यापासून तयारी असते, आणि तुमच्यासारखी आई ती झोप मोडून करते.

तरीही तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ‘शुद्ध’ या एका मुद्द्याने भागणार नाही. तुम्ही त्याच्यावर फार भार टाकलाय असं मला वाटतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बाळांच्या पाकीटबंद खाण्यात साखर घातली जाते अशा बातम्या आल्या आणि बऱ्याच आया हादरल्या. तुमच्या पत्रातही त्या रागाचा उल्लेख आहे. तो राग रास्त आहे. पहिलं वर्षभर बाळाच्या खाण्यात वेगळं मीठ नको आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, हे बालरोगतज्ज्ञ सांगतातच. वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पण ‘बाहेरून काही घातलेलं नाही’ म्हणजे ‘बाळाला लागतं ते सगळं आहे’ असा अर्थ होत नाही. बाजारातल्या बऱ्याच शिशुआहारांत लोह आणि जीवनसत्त्वंही बाहेरूनच मिसळलेली असतात. साखरेवर काट मारताना आपण त्या लोहावरही काट मारतो, आणि त्याची जागा कशाने भरली हे विचारायचं राहून जातं.

लोहाचं मी मुद्दाम लांबवून सांगते. पूर्ण दिवसांच्या बाळाने आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात बाकी पुष्कळ काही असलं तरी लोह थोडंच असतं, त्यामुळे सहा महिन्यांनंतर ते वरच्या खाण्यातून यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. खात्यापित्या घरांतली मुलं यातून आपोआप सुटतात असं नाही. नाचणीत कॅल्शियम उत्तम असतं. लोहही असतं, पण नाचणीतच असलेलं फायटेट नावाचं द्रव्य ते पचनात अडवून धरतं. मोड आणल्यावर फायटेट कमी होतं, म्हणून तुमची मोडाची मेहनत वाया जात नाही. तिला जोड द्या. धिरड्याबरोबर पेरूचा मऊ गर, टोमॅटोचं सार किंवा वरणावर लिंबाचे दोन थेंब दिले, तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषलं जातं. घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं, काटे नीट काढलेला मासा, चिकनचा मऊ खिमा द्या. त्यातलं लोह धान्यातल्यापेक्षा शरीराला सहज मिळतं. शाकाहारी घरात डाळी आणि कुस्करलेल्या उसळी यांचं प्रमाण वाढवावं लागेल.

खारकेबद्दलही थोडं. तुम्ही पिशवीवर ‘साखर नाही’ असं लिहिता. साखरेचा डबा तुम्ही उघडला नाहीत हे खरं, पण पिठाची गोडी खारकेची आहे, वर केळंही आहे. फळातली गोडी साखरेपेक्षा बरी. तरी प्रत्येक धिरडं गोडच असेल तर बाळाच्या जिभेला दुधी, पडवळ, पालक यांची ओळख कधी होणार? माझं ऐकाल तर खारीक पिठातून काढा. कधी केळं, कधी उकडलेला लाल भोपळा, कधी किसून शिजवलेलं गाजर घाला. पीठ बेचव राहिलं की रोज चव बदलता येते.

आता त्या पाव किलोच्या पिशव्यांकडे वळते.

तुमच्या बाळाने नाचणी, मूग, ओट्स, बदाम यांची ओळख एकेक करून घेतली असणार. नवीन पदार्थ द्यायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, अंगावर पुरळ उठतं का, उलटी-जुलाब होतात का ते बघायचं आणि मग पुढचा द्यायचा. ज्या घरात तुमची पिशवी जाते, तिथल्या बाळासमोर हे सगळं पहिल्या घासातच एकत्र येतं. त्याला बदामाची ॲलर्जी असेल तर? दोष कशाचा हे त्या आईला कळणारही नाही, कारण तिच्या दृष्टीने ते ‘तुझं पीठ’ आहे, सहा पदार्थांचं मिश्रण नाही.

वयाचंही तसंच. नऊ महिन्यांच्या तुमच्या बाळाला हातात धरून खायचं मऊ धिरडं जमतं. सहा महिन्यांच्या बाळाला मऊ, चमच्यावरून घसरणारी पेज किंवा खिमट लागतं. मधल्या काळात कुस्करलेलं जाडसर. कडेने कुरकुरीत झालेलं धिरडं ज्याला चावता येत नाही त्याच्या घशात अडकू शकतं. तुमच्या घरी बाळ सरळ बसलेलं असतं आणि सासूबाई समोर असतात. पिशवी घेऊन गेलेल्या घरात बाळ आडवं असेल, हातात मोबाइल असेल, पीठ घाईत कच्चंच उतरवलं जाईल. तुमच्या कृतीची निम्मी सुरक्षितता तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसात आहे. ती पिशवीतून पाठवता येत नाही.

पिठाच्या टिकण्याचंही मुंबईत वेगळं बघावं लागतं. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत मोडाची नाचणी पंख्याखाली पूर्ण वाळली असं वाटतं, पण दाण्याच्या पोटात ओल राहते. दमट धान्यात बुरशी धरते आणि काही बुरशींची विषं भाजूनही पुरती जात नाहीत. पीठ गरम असतानाच डबा बंद केला तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी खाली उतरतं. बदामाच्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं. गिरणीत दळून आणत असाल, तर आपल्या आधी तिथे गहू, बेसन, सोयाबीन काय काय दळलं गेलं असेल, ते थोडं आपल्या पिठात येतंच. घरच्या वापराला यावर उपाय आहेत: आधी स्वतःचेच दोन मुठी तांदूळ दळून घ्या आणि ते पीठ बाळासाठी वापरू नका, पीठ पंधरा दिवसांपुरतंच करा, कोरड्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्याच्या घरी तीच पिशवी गॅसशेजारच्या फळीवर दोन-तीन महिने राहील, तिच्यात ओला चमचा जाईल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

तुमचे यजमान लायसन्सचं म्हणतात ते बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. पापड, लोणची, भाजणी विकणाऱ्या छोट्या घरगुती उद्योगाला एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी करता येते. त्यांच्या फॉस्कॉस या पोर्टलवर अर्ज होतो, फी आणि उलाढालीची मर्यादा ठरलेली असते. अर्ज करताना त्या दिवसाचा नियम पोर्टलवर बघूनच घ्या. शिशुआहाराला मात्र २०२० चे वेगळे नियम आहेत. त्यात घटक, पोषणमूल्यं, ओलावा, जंतू यांच्या स्वतंत्र मर्यादा आहेत. सोसायटीतल्या स्वयंपाकघरात, घरच्या मिक्सरवर, प्रत्येक घाण्याला त्या पाळल्या गेल्या हे दाखवणं जवळजवळ अशक्य आहे.

याहून महत्त्वाचा कायदा १९९२ चा आहे. दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या उत्पादन-विक्रीवर तो नियंत्रण ठेवतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळासाठी, आईच्या दुधाला पूरक म्हणून विकला जाणारा कुठलाही पदार्थ, त्याला नाव काहीही द्या, त्याच्या कक्षेत येतो. अशा पदार्थाची जाहिरात करायची नाही, मोफत नमुने वाटायचे नाहीत, लेबलवर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही. मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही होऊ शकतो. तुमच्या मनातलं इन्स्टाग्रामचं पान, बाळाच्या फोटोचं लेबल आणि ‘पहिली पिशवी मोफत’ हा मैत्रिणीने सुचवलेला बेत, तिन्ही यात सापडतात. तुम्हाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. मोठ्या कंपन्यांनी गोंडस बाळांची चित्रं दाखवून आयांचा स्वतःच्या दुधावरचा आणि घरच्या अन्नावरचा भरवसा डळमळीत केला, म्हणून हा कायदा आला. तो आपल्यासारख्या आयांच्या बाजूने आहे. म्हणूनच त्याला वळसा घालून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. बाळाचा फोटो जगापुढे ठेवावा का, हा प्रश्न तर कायद्याशिवायही उरतोच.

मग काय करावं?

नोकरी सध्या सोडू नका. एवढं मी ठामपणे सांगते. ओळखीतल्या आयांनी मागणं आणि धंदा चालणं यांत मोठं अंतर आहे, आणि बाळ वर्षाचं व्हायच्या आत घरातला एक पगार थांबवण्याएवढं मोठं कारण मला तुमच्या पत्रात दिसलं नाही. पत्रात ऑफिसच्या कामाचा कंटाळा ओळींमधून डोकावतोय. तो खरा असेल तर त्याचा विचार वेगळा करा. पिठाच्या आडून नको.

आयांना पिशवीऐवजी कृती द्या. एखाद्या रविवारी पाच-सहा जणींना घरी बोलवा, प्रत्येकीला आपापलं धान्य आणायला सांगा आणि हाताने करून दाखवा. एक वाटी नाचणी तीन-चार पाण्यांतून धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून बारीक मोड येईपर्यंत ठेवायची, खडखडीत वाळवायची, मंद आचेवर भाजून चोळून मोड काढायचे. अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन, वाळवून, वेगवेगळी भाजायची. सगळं पूर्ण गार झाल्यावर दळायचं, चाळायचं. ओट्स आणि बदाम यात नकोत. ज्या बाळाला ते सोसतात असं कळलंय त्याच्या आईने ऐनवेळी घालावेत, बदाम बारीक पूड करूनच, कारण अख्खा किंवा तुकड्यांतला सुका मेवा लहान मुलाच्या घशात अडकतो. धिरडं घालताना पीठ दहा मिनिटं भिजू द्यायचं, थोडं तूप, मंद आच, वर झाकण, दोन्ही बाजूंनी शिजवायचं आणि मधोमध मोडून आत कच्चं नाही ना ते बघायचं. फुगावं म्हणून खायचा सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालू नका. दोन्हींतून बाळाच्या पोटात नको तेवढं सोडियम जातं. हलकं हवं असेल तर अंडं फेटून घाला. भिजवलेलं पीठ ओट्यावर ठेवू नका. तांदळाचं ओलं पीठ उबेत राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. ज्यांचं बाळ सहा-सात महिन्यांचं आहे, त्यांना त्याच पिठाची पातळ लापशी करायला शिकवा. मोडाच्या पिठाची लापशी कमी पाण्यातही सैल राहते, त्यामुळे बाळाच्या चिमुकल्या पोटात त्याच वाटीतून जास्त अन्न जातं. पाळणाघरात बाळ ठेवणाऱ्या आयांनी तिथल्या ताईंनाही एकदा करून दाखवावं.

आणि तरीही विकायचंच असेल, तर घरातल्या मोठ्यांसाठी धिरड्याचं पीठ विका. मुंबईत सकाळच्या डब्याला, संध्याकाळच्या भुकेला त्याला गिऱ्हाईक आहे. नोंदणी करा. लेबलवर घटक उतरत्या क्रमाने, वजन, बनवल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, ॲलर्जीची सूचना, शाकाहाराची हिरवी खूण, नोंदणी क्रमांक, पत्ता, सगळं लिहा. किती दिवस टिकतं ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. एक अट मात्र पाळा: लेबलवर ‘कुटुंबासाठी’ लिहायचं आणि व्हॉट्सॲपवर ‘बाळालाही चालतं गं’ सांगायचं, असं करू नका. कायद्याच्या नजरेत आणि त्या बाळाच्या पोटात दोन्ही एकच. शिशुआहारच करायचा असा ध्यास असेल तर तो वेगळा, खर्चिक रस्ता आहे. अन्न तंत्रज्ञ सोबत घ्यावा लागेल, परवाना असलेल्या कारखान्यात माल बनवून घ्यावा लागेल. बाळ थोडं मोठं झाल्यावर, डोकं शांत ठेवून त्याचा हिशेब मांडा.

सासूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय थांबवत नाही. तुमच्या पत्रात त्यांचं वाक्य तक्रारीसारखं आलंय. मला त्यात थोडं दुखावलेपण ऐकू आलं. दिवसभर बाळाला भरवतात त्या, आणि कौतुक होतं पिठाचं. त्यांचं खिमट, तांदूळ आणि मूग भाजून, भरड दळून, तूप घालून शिजवलेलं, पोषणात तुमच्या धिरड्याच्या मागे नाही. धिरडी आठवड्यातून दोन-तीनदाच ठेवा आणि उरलेले दिवस त्यांच्या हवाली करा. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दिवसभराच्या खाण्यात आठ गटांपैकी निदान पाच असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाच्या भाज्या-फळं, बाकी भाज्या-फळं. हा कागद फ्रिजवर लावा आणि रोज संध्याकाळी दोघींनी मिळून बघा, आज काय राहिलं. रविवारी आया जमतील तेव्हा खिमट त्यांनाच शिकवू द्या.

ज्या पिशव्या आधीच दिल्यात त्यांचं आजच निस्तरून टाका. प्रत्येकीला निरोप पाठवा: यात बदाम आणि ओट्स आहेत, अमुक तारखेला केलंय, पंधरा दिवस उलटून गेले असतील किंवा वास बदलला असेल तर टाकून द्या, आणि बाळाला हे पदार्थ आधी वेगवेगळे दिले नसतील तर देऊ नका. कोणी नाराज झालीच तर कृती शिकवायचं आमंत्रण त्याच निरोपात द्या.

आणि नऊ महिन्यांच्या लशीसाठी जाल तेव्हा डॉक्टरांना लोहाच्या औषधाबद्दल स्पष्ट विचारा. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप द्यायची तरतूद आहे. तुमच्या बाळाला ते सुरू करायचं का आणि किती, हे बाळाला बघूनच डॉक्टर ठरवतील. दिवसभरात बाळ काय काय खातं हे सासूबाईंना नीट सांगता येईल, तेव्हा त्यांनाही बरोबर न्या.